टाचण्यांची बोली

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत, आणि त्या नावात टोचण्याचा अंश जवळजवळ नव्हता. ती शिवणकाम करी. कपडा अंगावर बेतताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टाचण्या ओठांत धरण्याची सवय लागलेली. आणि बोलण्याची हौस तर उपजतच. या दोहोंच्या झटापटीतून एक स्वतंत्र बोली जन्माला आली : ओठ न विलगता, केवळ घसा, नाक आणि भुवया यांच्या बळावर चालणारी. गिऱ्हाइकांना ती कधी उमगली नाही. घरातल्या दोन्ही मुलांना मात्र ती रांगत्या वयापासून येई. ‘हंऽ ऊं म्हं’ म्हणजे दूध उतू चाललंय, आणि तेच जरा वरच्या पट्टीत म्हणजे दूध उतू गेलं, हा भेद त्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की या बोलीवर फार ताण पडे. नवरा दिवसपाळीला, धाकट्याचे पोहणे, थोरलीचे वाचनालय, सासऱ्यांचा दंतवैद्य, आणि या साऱ्यांच्या फटीत कोंबलेले गिऱ्हाइकांचे कोट. तारेवरची कसरत हा शब्दप्रयोग तिला अपुरा वाटे. तारेवर निदान माणूस एकटा असतो. मध्यावर पोहोचल्यावर मागून कुणी ‘आई, शू’ म्हणत नाही.

सासरे निवृत्त शिक्षक. कवळी तडकल्यापासून त्यांनी परक्या माणसापुढे तोंड उघडले नव्हते. हयातभर वर्ग गाजवलेला माणूस पाहुण्यांची चाहूल लागताच आतल्या खोलीत जाऊन बसू लागला, हे टाचणीच्या जिव्हारी लागले होते. म्हणून वाचनालयातल्या मुलांच्या गोष्टींच्या तासाला तिने परस्परच त्यांचे नाव देऊन टाकले. दुरुस्त कवळी त्याच सकाळी मिळायची होती.

“दात आले तर बोलेन, सूनबाई. नाहीतर पोरांपुढे माझं हसं होईल,” त्यांनी बजावले. हेही त्यांनी दातांवाचूनच बजावले आणि घरात कुणालाच ते अडले नाही. पण त्या गोष्टीचा अर्थ तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

घोटाळा झाला तो मखमलीमुळे. मागे एका नाट्यगृहाचे पडदे शिवण्याचे काम तिला मिळाले होते, आणि कापड वाया घालवणे तिच्या लेखी महापाप असल्याने उरलेल्या जांभळ्या मखमलीतून तिने घरातल्या यच्चयावत पिशव्या शिवल्या. एक माप, एक शिलाई, एकसारखे बंद. त्या सकाळी तिने दंतवैद्याकडून कवळीची डबी घेतली, जांभळ्या पिशवीत टाकली, धाकट्याला तलावाच्या दारात सोडले, खांद्यावरच्या दोन पिशव्यांतली एक त्याच्या गळ्यात अडकवली आणि एक कोट पोहोचवून धापा टाकत वाचनालय गाठले.

सासरे थोरलीबरोबर आधीच आले होते. समोर पोरांचा थवा सतरंजीवर बसलेला. ते स्वतः खुर्चीत, तोंडावर रुमाल धरून, दागिने चोरताना सापडल्यासारखे. टाचणीने विजयी मुद्रेने पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली ती पोहण्याची चड्डी.

सासऱ्यांनी चड्डीकडे पाहिले, मग सुनेकडे. रुमाल आणखी घट्ट झाला.

“आलेच, बाबा,” एवढेच म्हणून ती सुटली.

रस्त्यात गल्लीतल्या काकू आडव्या आल्या. “अगं, माझ्या ब्लाउजचं काय?”

“दात तलावात आहेत, काकू!” पळता पळता ती ओरडली, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहायला थांबली नाही.

तलावाच्या काठावर धाकटा शर्टविजारीत, मांडीवर डबी घेऊन बसला होता. पोहणे शिकवणारे सर त्याच्यापासून जरा अंतर राखून उभे होते.

“यानं पिशवीतली डबी उघडली आणि अख्खी रांग किंचाळली हो,” सर म्हणाले. “मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, आजोबांचे आहेत, पण त्यांना पोहता येत नाही.”

“खरंच येत नाही,” धाकटा म्हणाला.

तिने एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला डबी धरली आणि आल्या पावली धाव घेतली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर पोहोचते तो आतून हशा ऐकू आला. साधासुधा नव्हे, पोटे धरून, लोळून हसण्याचा. हसं झालं. आपणच पुढे ढकललं म्हाताऱ्याला, आपणच हे घडवून आणलं.

दार लोटले तर सासरे उभे होते, रुमाल खिशात, दोन्ही हात हवेत. शेजारी थोरली, वकिलाच्या थाटात.

“म्मं फ्फं मगर थुं,” सासरे म्हणाले.

“मगर दंतवैद्याकडे गेली,” थोरली गंभीरपणे सांगू लागली, “आणि म्हणाली, डॉक्टर, माझे दात घासून द्या, पण तोंडात डोकं घालू नका, मला नाश्ता मिळालेला नाही.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहून भुवई उंचावली. “हं फ्फु म्मं न्हं!” म्हणजे मी हे म्हटलंच नाही.

“आजोबा म्हणतात, अगदी बरोबर सांगितलंस!”

सतरंजी पुन्हा हसून कोसळली, सासरेही.

ग्रंथपालबाई डोळे पुसत टाचणीजवळ सरकल्या. “तुम्ही गेलात आणि पोरं कुजबुजायला लागली. आजोबा उठून निघालेच होते. तर तुमची लेक उभी राहिली नि म्हणाली, ‘आमच्या घरात सगळे असेच बोलतात. आईला तर दात आहेत, तरीसुद्धा.’”

टाचणीने डबी पुन्हा जांभळ्या पिशवीत टाकली. शेवटच्या ओळीत बसून तिने सवयीने पदराच्या काठावरच्या दोन टाचण्या काढून ओठांत धरल्या. नाहीतर तिला हुंदका फुटला असता किंवा हसू, कशाचाच नेम नव्हता.

“आई, दात नेऊन देऊ?” धाकट्याने विचारले.

“हूं हूं. म्हं ऊं.”

“काय म्हणाल्या?” ग्रंथपालबाईंनी त्याला हळूच विचारले.

“म्हणते, आत्ता दिलेस तर मार खाशील,” धाकटा म्हणाला, आणि मगरीचे पुढे काय झाले ते ऐकायला सतरंजीवर घुसला.