डेल्बर्टचा जखमांचा तक्ता

विस्कॉन्सिनच्या कत्तलखान्यात वीस वर्षं काढलेला डेल्बर्ट रविवारी दुपारी तळघरात तलवारी-राक्षसांचा फाशांचा खेळ चालवायचा; त्यात प्रत्येक खेळाडूचा एक काल्पनिक योद्धा असे. "पोटात भाला घुसलाय, आणि हा बाबा झोपून उठला की ठणठणीत? काहीतरीच," म्हणत त्याने फाशाच्या आकड्याप्रमाणे जखम ठरवणारा खराखुरा तक्ता बनवला.

पहिल्याच डावात त्याच्या बहिणीच्या, लोइसच्या योद्ध्याचा गुडघा फुटला. पुढच्या रविवारी ती लंगडत आली. मग दुसरा खेळाडू व्हर्न, त्याच्या योद्ध्याची बरगडी मोडली. आज व्हर्न बरगडीवर हात दाबून बसला होता.

लोइसच्या योद्ध्यावर वार झाला. फासा पडला. तक्त्यात त्या आकड्यासमोर 'गळा' लिहिलं होतं.

"बोल की रे, मेले का मी?" ती हसत म्हणाली.

डेल्बर्टने तक्ता टराटरा फाडला. "जुनाच नियम. झोपलीस, उठलीस, सगळं भरून आलं."

"घाबरट," म्हणत लोइस उठली आणि न लंगडता जिना चढून गेली.