खंडोबाची पत्रिका आणि गाडीखालचा कागद

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. पहिली जेजुरीला खंडोबापुढे ठेवायची, मगच बाकीच्या वाटायच्या, ही आमच्या घरची रीत. आईला आता एसटी झेपत नाही, म्हणून रविवारी गाडीनेच निघायचं ठरलं. आणि शुक्रवारी येरवड्याच्या आमच्या पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा डाग दिसला.

शनिवारी कसबा पेठेत बशीरभाईंचं गॅरेज गाठलं. गल्ली अरुंद आहे. सकाळी नऊच्या आत गेलात तरच गाडी आत शिरते. बशीरभाईंनी इंजिन पुसलं. "पावडर आणा. तेल कुठून येतं ते दिसेल." मी समोरच्या पूजेच्या दुकानातून पुडी आणली.

"अहो, ही रांगोळी! इंजिनचं लग्न आहे का? अंगाला लावायची पावडर हवी."

पावडर मारून इंजिन चालू ठेवलं, तर पुलीमागे ती ओली झाली. तिथलं ऑइल सील गेलं होतं. हे फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसणारं रबराचं कडं. तेल आत ठेवतं, धूळ बाहेर. आमचं उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं.

ते काढल्यावर बशीरभाई म्हणाले, "आता शाफ्टवर नख फिरवतो. अडकलं तर खाच पडलीय, नवं सीलही गळणार. मग उद्याचं विसरा."

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. नख सरळ फिरलं.

नव्या सीलच्या मऊ कडेला तेल लावून, ती कड इंजिनच्या बाजूला ठेवून, त्यांनी ते हलक्या हाताने सरळ ठोकून बसवलं. सील अगदी स्वस्त. दिवस जातो तो खोलण्या-जोडण्यात. निघताना म्हणाले, "थांबाल तिथे खाली कागद टाकून बघा. आणि पत्रिका आम्हालाही द्या. देवानंतर चालेल."

रविवारी दिवे घाट चढून वर थांबलो, कागद टाकला. कोरडा. सासवडला मिसळ खाताना पुन्हा टाकला.

"काय रं, गाडीलाबी पंगतीला बसवतोस व्हय?" आई म्हणाली.

जेजुरीला तिने पहिल्याच पायरीवर डोकं टेकवलं. "पोचले बाबा," एवढंच म्हणाली. मी वर जाऊन पत्रिका ठेवली, भंडारा उधळला.

सोमवारी सकाळी पार्किंगमधला कागद उचलला. तेलाचा थेंब नाही. माझ्या बोटांचा पिवळा भंडारा तेवढा लागला. फार वर्षांनी मन इतकं हलकं वाटलं. दुसरी पत्रिका घेऊन थेट कसबा पेठेत गेलो.

बशीरभाईंनी हात पुसले. "पत्रिका नंतर. आधी कागद दाखवा."