माउसवरचा हात

फोन आला तेव्हा माझा हात माउसवर होता. "सुलू गेली सकाळी," तिचा भाऊ म्हणाला. मी नुसतं "बरं" म्हटलं. बरं काय त्यात… याला आता दीड महिना झाला.

सुलू म्हणजे सुलभा. अंधेरीतल्या आमच्या टायपिंगच्या ऑफिसात आम्ही दोघी शेजारी बसायचो. प्राध्यापकांचे प्रबंध, कंपन्यांची पत्रं, सगळं कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचं. तेव्हा माउस नव्हता, कॉम्प्युटरला हुकूम कळा दाबूनच द्यायचे. मी नवी असताना तिनंच मला शिकवलं, तेही कीबोर्डवर रुमाल टाकून! "बघायचं नाही, म्हणायचं." मग परवचा म्हणावा तशा आम्ही म्हणायचो: कंट्रोल के बी, मजकूर इथून, कंट्रोल के के, इथवर, कंट्रोल के व्ही, चल तिकडे. आणि दर परिच्छेदाला कंट्रोल के एस, म्हणजे लिहिलेलं जपून राहतं. तिची बोटं कळांवरून उठायचीच नाहीत. बघत राहावंसं वाटायचं.

गेल्या वर्षी नवं मशीन आलं, सोबत माउस. मी तर त्याच्या प्रेमातच पडले. बाण न्यायचा, दाबायचं, ओढायचं, झालं! पाठांतराची कटकट मिटली. सुलू मात्र त्याला हात लावेना. "तुझा हात तिथं जाऊन परत येईस्तोवर माझी ओळ होते," म्हणायची. खरंही होतं ते. पण सगळं काम हळूहळू नव्या मशीनवर जाणार, असं साहेबांनी सांगितलं, तरी ती हटेना. तेव्हा मला तिचा रागच आला. एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी तिचा उजवा हात ओढून माउसवर ठेवला आणि वरून माझा दाबून धरला.

"चल गं म्हातारे, घाबरतेस काय?"

सगळे हसले. बाण पडद्यावर सैरावैरा धावायला लागला. माझ्या तळव्याखाली तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, चिडली. "नाही जमत मला, यार. सोड ना," ती हळूच म्हणाली आणि हात सोडवून घेतला. मीही मग आठवडाभर फुगून बसले. पुढच्या महिन्यात ती रजेवर गेली, ती परत आलीच नाही.

भावाचा फोन आल्यावर दहिसरला तिच्या आईला भेटायला गेले, तेव्हा कळलं. डोक्यात गाठ होती. उजवा हात दिवाळीआधीपासूनच थरथरायचा. "घास सांडायचो गो तिचो," आई म्हणाली. "पण हापिसात कोणाक सांगू नको म्हणायची. नोकरी जायत." मला एकदम आठवलं, शेवटी शेवटी ती बरंचसं डाव्या हातानंच टाइप करायची, आणि मी ते तिचं कसब समजत होते. कीबोर्डवर तिला हात लपवता येत होता. माउसवर तो सगळ्यांना दिसला असता, आणि तिथंच मी तो ओढून नेला.

आता तिच्या जुन्या मशीनवर मी बसते, साहेबांकडून मागून घेतलंय. कंट्रोलच्या कळेवरची अक्षरं तिच्या करंगळीनं पार पुसलीत. तिथं माउस नाही. मजकूर वाचताना उजवा हात मांडीवर रिकामा पडून राहतो, आणि कधी कधी मीच तो डाव्या हातात घेऊन बसते… सुलू, त्या दिवशी तुझा हात नुसता असा धरून ठेवायला हवा होता गं.