योग्य मार्गाने श्रीलंका

लखनौच्या जुन्या शहरात संचारबंदी लागली की आठवडाभरात नागपूरहून मावशीचं पोस्टकार्ड येई. मजकूर ठरलेला असे. पेपरात वाचलं, जीव थाऱ्यावर नाही, पोरांना घेऊन इकडे निघून या. आईचं उत्तरही ठरलेलं. भानगड चौक मोहल्ल्यात आहे, आम्ही विकासनगरात राहतो, मध्ये गोमती आहे, सब्जीवाला वेळेवर येतो. एकदा तिनं खाली जादा ओळ लिहिली होती: तुमच्या नागपूरच्या इतवारीत आग लागली तर मी तुला भंडाऱ्याला पळून जा म्हणत नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वडील केंद्र सरकारच्या एका हिशेब कार्यालयात अधीक्षक होते. कॉलनीत आणि आसपास आमच्यासारखी बारा-पंधरा मराठी बौद्ध कुटुंबं होती. त्यांतले बहुतेक कर्ते पुरुष सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत. कुणी टेलिफोनमध्ये, कुणी रेल्वेत, कुणी चिनहटच्या कारखान्यात. माणसं एकमेकांना खात्यानं ओळखत. टेलिफोनवाले आले, रेल्वेवाले गेले, असं आमच्या घरात बोललं जाई. या सगळ्यांचं एक मंडळ होतं आणि टेलिफोनवाले त्याचे सचिव होते.

त्या वर्षी मंडळानं श्रीलंकेची यात्रा ठरवली. कल्पना आईची. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायची इच्छा तिच्या वडिलांची होती. ते न बघता गेले. गयेच्या झाडाची फांदी तिकडे नेली, गयेचं जुनं झाड पुढे मेलं, फांदीचं झाड मात्र उभं आहे, असं ते तिला सांगत. गया तिनं बघितली होती. आता फांदी बघायची होती. तिचे गुडघे जिना चढताना बोलू लागले होते, त्यामुळे पुढल्या वर्षी बघू हे वाक्य ती चालू देत नव्हती.

पासपोर्ट झाले. नोकरदारांनी आपापल्या खात्याचं नाहरकत प्रमाणपत्र मिळवलं, कारण सरकारी माणसाला परदेशी जायचं तर आधी खात्याची हरकत नसावी लागते. मद्रासपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान, असं ठरलं. आणि मग एका दुपारी दिल्लीहून सूचना निघाली.

मी तेव्हा हज़रतगंजमधल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सूचना टेलिप्रिंटरवर माझ्यासमोरच आली. कागद हातभर लांब होता. पहिल्या परिच्छेदात दोन्ही देशांचे संबंध किती जुने आहेत ते होतं. दुसऱ्यात सरकारचं परिस्थितीवर बारीक लक्ष असल्याचं होतं. तिसऱ्यात भारतीय नागरिकांनी त्या देशात अनावश्यक प्रवास टाळावा, असं होतं. गडबड बेटाच्या कोणत्या भागात आहे, कोणते रस्ते टाळावेत, पोचल्यावर दूतावासात नाव कुठं नोंदवावं, एखाद्या गावी निघण्याआधी स्थानिक चौकशी कशी करावी, हे सगळं त्याखाली होतं.

वर्तमानपत्राची रीत अशी की महत्त्वाचं वर लिहितात आणि जागा कमी पडली की खालून कापतात. सरकारची रीत अशी की स्वतःबद्दलचं वर लिहितात आणि लोकांच्या उपयोगाचं खाली. या दोन रीती एकमेकींना भेटल्या की काय उरतं, ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर दिसलं. आमच्या डेस्कप्रमुखांनी कागदाकडे नजर टाकली, तिसऱ्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ ओढली आणि म्हणाले, "बस यहाँ तक. बाकी कौन पढ़ता है, यार." त्यामुळे संबंध जुने असल्याचं, सरकार लक्ष ठेवून असल्याचं आणि जाऊ नये असं छापून आलं. कुठं जाऊ नये ते आलं नाही.

त्याच रविवारी मंडळाची बैठक आमच्या पुढच्या खोलीत भरली. सचिवांनी बातमीचं कात्रण टेबलावर ठेवलं आणि त्यावर चष्म्याची डबी ठेवली, जसं ऑफिसात फायलीवर वजन ठेवतात.

"याला जावक क्रमांक नाही," रेल्वेवाले म्हणाले.

"पेपरातल्या बातमीला कुठून येणार जावक क्रमांक?" वडील म्हणाले.

"मग हे लागू आहे की नाही, हे कसं ठरवायचं? सही नाही, प्रत कुणाला दिली ते नाही."

"अच्छा, लागू आहे असं धरू," सचिव म्हणाले. "पुढे काय? अनावश्यक प्रवास टाळावा. आता आपला प्रवास आवश्यक की अनावश्यक, हे कोण ठरवणार?"

"सक्षम अधिकारी," वडील म्हणाले.

"कोणता?"

या प्रश्नावर तासभर गेला. तीर्थयात्रा ही वैयक्तिक आवश्यकता आहे की सामाजिक, यावर दोन गट पडले. आई चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा सचिव बोटांवर मुद्दे मोजत होते.

"अहो, पण तिथं भानगड कुठं चाललीय?" तिनं विचारलं.

"ते आलं ना वहिनी, श्रीलंकेत," सचिव म्हणाले.

"श्रीलंकेत कुठं?"

"तो मुद्दा वेगळा आहे," वडील म्हणाले. "आधी हे लागू होतं का ते बघू दे."

माझी धाकटी बहीण दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळे, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी येई. ती आत वळता वळता म्हणाली, "घर में आग लगी हो तो ये लोग पहले पूछेंगे, किस विभाग की है."

बैठकीत एकमतानं ठरलं की सरकारकडून स्पष्टीकरण मागवावं. सूचना आम्हाला लागू होते किंवा कसे, आणि होत असल्यास आमचा प्रवास कोणत्या वर्गात मोडतो, असं पत्र दिल्लीला पाठवावं. मसुदा वडिलांचा होता. तो उत्तम होता; त्यांच्या हाताखालच्या माणसांनी तसा मसुदा आणला असता तर त्यांनी त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला असता. आता पत्र टपाल पेटीत टाकलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, कारण दिल्लीनं उत्तर दिलं नसतं आणि मंडळ ठरल्या दिवशी गाडीत बसलं असतं. पण ही माणसं सरळ दिल्लीला लिहिणारी नव्हती. वीस-वीस वर्षं नोकरीत काढून त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: सरकारी माणसानं सरकारला लिहायचं ते योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या वरिष्ठामार्फत. मग प्रत्येकानं पत्राची एक प्रत काढली, खाली सही केली आणि आपापल्या साहेबाकडे सादर केली.

एकाही साहेबानं तोवर ती बातमी वाचलेली नव्हती. आता ती लेखी स्वरूपात, मराठी कर्मचाऱ्याच्या सहीनिशी, त्याच्या टेबलावर आली. साहेबानं साहेबाला जे करायचं असतं ते केलं. स्पष्टीकरण येईपर्यंत नाहरकत प्रमाणपत्र स्थगित, असा शेरा मारला. पंधरवड्याच्या आत टेलिफोन, रेल्वे, हिशेब आणि चिनहट, चारही ठिकाणची प्रमाणपत्रं थंड पडली. ज्या धोक्याची कुणाला माहिती नव्हती त्याची खबर मंडळानं स्वतः आपल्या पायांनी जाऊन दिली होती.

वडिलांनी घरी येऊन ही बातमी शांतपणे सांगितली. त्यांच्या मते प्रक्रिया नीट चालली होती.

"म्हणजे जायचं नाही?" आईनं विचारलं.

"नाही असं नाही. स्थगित आहे."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"मला कोणत्या साहेबानं स्थगित केलंय?"

वडिलांनी यावर विचार केला. त्यांचा स्वभाव प्रामाणिक होता. "तुला कुणी साहेब नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर."

ही गोष्ट मंडळात पोचली आणि आणखी चार बायका आम्हीही जाणार म्हणाल्या, तेव्हा खळबळ माजली. सचिव संध्याकाळी सायकलवरून आले. "वहिनी, एकट्या बायांनी परदेशात? सरकार जाऊ नका म्हणतंय!"

"भाऊजी, सरकार कुठं जाऊ नका म्हणतंय ते तुम्ही वाचलंय का?"

"पेपरात आलंय तेवढं वाचलं ना जी."

आई माझ्याकडे वळली. "तुमच्या ऑफिसात तो कागद पुरा आला होता ना? घेऊन ये."

टेलिप्रिंटरचे जुने कागद डेस्कखालच्या टोपलीत महिनाभर पडून असत. कुणी त्यांत समोसे बांधून नेत. मी तो शोधून आणला. कागद इंग्रजीत होता. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं आणि बहिणीनं शाळेचा ॲटलास उघडला. त्यात श्रीलंका अंगठ्याच्या नखाएवढी होती. आईनं पहिले तीन परिच्छेद ऐकलेच नाहीत. "पुढचं," ती म्हणाली. उत्तर आणि पूर्व भाग, असं आलं तिथं तिनं मला थांबवलं.

"अनुराधपूर कुठं येतं?"

बहिणीनं नखाच्या वरच्या कडेशी बोट ठेवलं. "बॉर्डर पे है, आई. अंदर नहीं, मगर दूर भी नहीं."

आईनं ॲटलास आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "कँडी आणि कोलंबो ठीक. अनुराधपूरचं तिथं जाऊन विचारू. लिहिलंय ना, तिथल्या लोकांना विचारा म्हणून?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

"मग विचारू."

अखेर पाच बायका आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा निघाले. निवृत्तांना नाहरकत लागते की नाही यावर मंडळाची आणखी एक बैठक झाली. ती संपेपर्यंत आजोबांनी ट्रंक बांधली होती. चारबाग स्टेशनावर सगळे स्थगित पुरुष पोचवायला आले. सचिवांनी प्रत्येकीला सांभाळून राहा असं सांगितलं. कशापासून, ते त्यांना सांगता आलं नाही. वडिलांनी आईच्या हातात पाण्याची सुरई दिली आणि म्हणाले, "झाडाखाली बसू देतात का, बघून ये."

पुढचं आईनं परत आल्यावर सांगितलं, तेच लिहितो. कँडीत सगळे एका विहाराच्या धर्मशाळेत उतरले. तिथले वृद्ध भिक्खू काही वर्षं सारनाथला राहिलेले, त्यामुळे हिंदी छान बोलत. आईनं पहिल्याच सकाळी त्यांना अनुराधपूरचं विचारलं. ते बस अड्ड्यावर गेले, दोन ड्रायव्हरांशी बोलले आणि परत येऊन म्हणाले, "माताजी, आज नहीं. उधर सड़क पर कुछ हुआ है. मैं कल फिर पूछूँगा." दुसऱ्या दिवशीही त्यांनी नाही म्हटलं. त्यानंतरच्या सकाळी ते स्वतः बोलवायला आले. "आज चलिए. सुबह की बस से जाइए, अँधेरे से पहले लौट आइए." सगळे गेले. झाडापाशी बसले. अंधाराआधी परत आले.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच भिक्खूंनी आईला हात वर करून थांबवलं. त्यांच्या हातात तिथलं वर्तमानपत्र होतं. "माताजी, अभी मत जाइए. आपके लखनऊ में कर्फ्यू लगा है. हालात ठीक होने तक यहीं रहिए, हम इंतज़ाम कर देंगे."

"भन्ते, कुठं लागलाय? मोहल्ल्याचं नाव दिलंय का?" आईनं आपल्या हिंदीत विचारलं. बातमीत नव्हतं. तिथल्या डेस्कवरही कुणीतरी खालून कापलं असणार. "चौकातच असेल," आईनं त्यांना समजावलं. "आम्ही नदीच्या दुसऱ्या बाजूला राहतो. आमच्याकडे सब्जीवाला येतो."

भिक्खूंना ते पटलं नाही, असं ती म्हणाली. निघताना ते दारापर्यंत काळजीनं आले.

परत आल्यावर मंडळ आमच्या पुढच्या खोलीत जमलं. सचिवांना ऐकण्यापेक्षा सिद्ध करण्यात जास्त रस होता. "म्हणजे वहिनी, रस्त्यावर झालंच होतं ना काहीतरी? सरकार खोटं नव्हतं सांगत!"

"खोटं कोण म्हणतंय?" आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात जाऊ नका. भन्ते म्हणाले आज जाऊ नका. म्हणून परवा गेलो."

दिल्लीचं स्पष्टीकरण त्यानंतर दोन महिन्यांनी आलं, चारही साहेबांमार्फत, योग्य मार्गाने. सदर सूचना स्वयंस्पष्ट असून वेगळ्या खुलाशाची आवश्यकता नाही, असं त्यात होतं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, भाषेला दाद दिली आणि फायलीला लावलं. त्या आधारे प्रमाणपत्रं पुन्हा जिवंत झाली, पण तोवर रजा संपल्या होत्या.

वडील दशकाच्या शेवटी निवृत्त झाले. आता त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. निरोपाच्या हारासकट ते घरी आले, शेल्फवरून बहिणीचा जुना ॲटलास काढला आणि चहा येईपर्यंत उघडून बसले.

"यंदा जमेल का गं?" त्यांनी आईला विचारलं.

"यंदा नाही."

"का? सरकारनं काही काढलंय?"

"सरकारचं माहीत नाही," आई म्हणाली. "मी भन्तेंना पत्र टाकलं होतं. ते म्हणतात, त्या रस्त्यानं आता सकाळचीसुद्धा बस जात नाही."

वडिलांनी ॲटलास मिटला आणि चष्मा काढून खिशात ठेवला. "झाडाखाली बसू देतात, म्हणाली होतीस ना?"

"देतात," ती म्हणाली, आणि बसल्या जागेचं वर्णन पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लागली.