अंबुजाकाकू आणि बेबी गाडी

माझे काका सेतुमाधव मद्रासच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. स्वातंत्र्याच्या वर्षी मायदेशी निघालेल्या एका साहेबाची छोटी विलायती मोटार त्यांनी घेतली. चौघे बसले की पाचव्याची पिशवीही मावू नये, एवढीशी. घरात तिला सगळे बेबी म्हणत. पुढे पन्नाशीत काचबिंदूनं काकांची नजर गेली. मयिलापूरच्या घरातून ते बाहेर पडेनात, आणि बेबी विकायची बोलणी सुरू झाली.

तेव्हा अंबुजाकाकू म्हणाल्या, "मला शिकवा."

"मला दिसत नाही, अंबुजा."

"ऐकू येतं ना?"

सकाळी मरीनाच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी होई. धोका नको म्हणून शेजाऱ्यांचा ड्रायव्हर सुरुवातीला मागे बसे. नऊवारी सावरून काकू स्टिअरिंगवर आणि शेजारी कान देऊन बसलेले काका. "दमली ती, गियर उतरव," ते म्हणत. काकूंना लायसन मिळालं आणि काका पुन्हा गावभर फिरू लागले. शहरात बेबीच्या जातीची गाडी जवळून गेली की आवाजावरून ओळखत आणि खूश होत.

चौसष्ट साली तंजावरला माझं लग्न ठरलं. सगळे नको म्हणत असताना दोघं बेबी घेऊन निघाली. चेंगलपट्टू मागे पडलं, पण रस्त्यावर नुसत्या लॉऱ्या आणि बसगाड्या.

"आपल्यासारखी एकही नाही?" काकांनी विचारलं.

काकू त्यांच्याशी खोटं बोलत नसत. "नाही."

काकांनी आपल्या बाजूच्या खिडकीची काच वर ओढून घेतली. उळुंदूरपेट्टैजवळ फॅन बेल्ट तुटला, बॉनेटमधून वाफ आली. काकूंनी गाडी चिंचेखाली घेतली. एक लॉरीवाला थांबला. "आमच्या डॉक्टरांकडे अशीच गाडी आहे, त्यांना सांगतो," म्हणाला.

बऱ्याच वेळानं काका एकदम उठून उभे राहिले. "बेबी येते आहे."

"ती इथंच उभी आहे."

"ही नव्हे."

डॉक्टर नारायणस्वामी आपल्या छोट्या गाडीतून उतरले. जपून ठेवलेला जादा बेल्ट त्यांनी स्वतः चढवून दिला. तोवर काका त्यांच्या गाडीच्या मडगार्डवरून, दिव्यांवरून हात फिरवत होते.

"आता औषधापुरत्याच उरल्या असतील या," काका म्हणाले.

"छे, सार. मद्रासकर मोठ्या गाड्या घेतात आणि तुमच्या जुन्या आमच्याकडे येतात. इथल्या वकिलांकडे आहे, भातगिरणीवाल्याकडे आहे. पुढे ऐकत जा."

आणि खरंच, पुढच्या गावांमधून त्या भेटत गेल्या. काकू हॉर्न वाजवत, समोरूनही उत्तर येई. तंजावरला मांडवात आल्यावर काकांनी माझ्या नवरदेवाची विचारपूससुद्धा केली नाही. आधी गाड्यांची हकीकत.

बेबी विकायचं नाव नंतर कुणी काढलं नाही. दर उन्हाळ्यात दोघं कुठल्यातरी लांबच्या रस्त्याला लागत. न दिसणाऱ्या माणसाला प्रवासात काय मिळतं, असं कुणी विचारलं की काकू म्हणत, "त्यांनाच विचारा." मग काका त्या माणसाला तासभर सोडत नसत.