मनकर्णाबाईचा डमी अर्ज

चांदूर रेल्वेपासून बारा किलोमीटरवरच्या त्या गावात मनकर्णाबाई ढोले पाच वर्षं सरपंच होती, पण गाव ‘सरपंचसाहेब’ म्हणायचं ते तिच्या नवऱ्याला. शीट बाईसाठी राखीव सुटली म्हणून खुशालरावांनी बायको उभी केली. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी.

ग्रामपंचायतीतल्या खुर्चीशी बाईचा संबंध दोनदाच आला. एकदा फोटोपुरती बसली, अन् एकदा वर चढली, पंखा पुसायला. सहीसुद्धा तिची नाही. बिचारी एकेक अक्षर सुटं, नीट काढायची. खुशालराव म्हणाले, "तुयी सही होईस्तोर गावाचा विकास थांबून राहते. आण इकडं." तेव्हापासून दाखल्यावर, ठरावावर तेच सही ठोकायचे : ‘सौ. मनकर्णा’, खाली लांब शेपटी. हात असा बसला की सोय नाही.

पण बाई काही झोपली नव्हती. अंगणवाडीच्या वाटेवर चिखल कुठं साचतो, वरच्या आळीत नळ किती वेळ येतो, हे बाया तिलाच येऊन सांगायच्या. ती नवऱ्याला सांगायची, नवरा सभेत सांगायचा, अन् टाळ्या त्याला. राग येणार नाही तर काय होईल? एक तरी मासिक सभा आपण स्वतः चालवावी, एवढंच तिच्या मनात होतं, अन् ते ती रोज देवाला सांगायची, नवऱ्याला नाही.

यंदा शीट खुली सुटली. जेवायला वाढताना तिनं हिय्या केला. "अजी, मी उभी राहिली तं?"

खुशालरावांचा घास हातातच राहिला. "खुल्यात बाया कुठं उभ्या राहतात वो? बायाची शीट संपली. आता माही हाय."

खुली म्हणजे पुरुषाची, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय देव जाणे, पण अख्ख्या गावाला ते पाठ होतं. तिनं फक्त डमी अर्ज भरायचा, असं ठरलं. नवऱ्याच्या अर्जात खोट निघाली तर घरातला दुसरा असावा म्हणून. नाहीतर माघारीच्या दिवशी मागं घ्यायचा.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तहसीलमध्ये ही गर्दी. खुशालराव ऐटीत टेबलावर वाकले अन् आपल्या अर्जावर सर्रकन सही मारली. मनकर्णाबाई शेजारीच उभी. तिनं पाहिलं : ‘सौ. मनकर्णा’, खाली शेपटी.

"अजी, ते सही..."

"तू मधात बोलू नको. माह्या सहीतलं तू मले शिकवशीन?"

आता यावर बाईनं काय बोलावं? बोलू नको म्हटलं, नाही बोलली. आपल्या अर्जावर तिनं एकेक अक्षर काढून सही केली. मागची रांग कुरकुरली, तरी घाई केली नाही.

छाननीला विरोधातले उमेदवार नत्थुजी अर्ज न्याहाळायला बसले अन् त्यांचा चेहरा खुलला. "साहेब, अर्ज खुशालरावचा अन् सही बायकोची."

"ही सही तुमची आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

खुशालराव कात्रीत सापडले. आपली म्हणावं, तर पाच वर्षांचे ठराव कोणाच्या सहीचे, हे नत्थुजी विचारणारच. बायकोची म्हणावं, तर अर्ज गेला. घाम पुसत ते म्हणाले, "तिचीच असन."

अर्ज बाद झाला.

मग डमी अर्ज निघाला. नत्थुजी पुन्हा उठले : ही सही तर वेगळीच आहे. अधिकाऱ्यांनी बाईपुढे कोरा कागद सरकवला. तिनं सावकाश सही केली, अन् ती डमी अर्जावरच्या सहीशी हुबेहूब जुळली.

"ही तुमची, मग ती कोणाची?"

"त्यायचं त्यायलेच विचारा साहेब. मले मधात बोलू नको म्हनलं हाय."

सगळी खोली हसली, खुद्द अधिकारीही. अर्ज वैध ठरला.

बाहेर चहाच्या टपरीवर खुशालरावांनी हिशेब मांडला. बायकोनं माघार घेतली, तर नत्थुजी बिनविरोध. शेवटी ते म्हणाले, "बरं, राय उभी. निवडून आली की मी हावोच सह्या कराले. तुयी लय हळू होते."

मनकर्णाबाईनं बशीतला चहा संपवला.

"हळू होऊ द्या," ती म्हणाली. "विकास थांबला तं थांबन थोडा. सही मीच करीन."