बघून घेतलेली फ्लूट

बस्त्यावकाका कुठल्याही खुर्चीवर सरळ बसला नाही. आधी ती उलटी करायचा, चारही पाय हलवून बघायचा आणि मग सुलटी करून टेकायचा. लग्नाच्या मांडवातसुद्धा तेच. कोणी हसलं तर म्हणायचा, "मी पडल्यावर हसनार, त्यापेक्षा आताच हसून घ्या."

नालासोपाऱ्याजवळ गासला आमची वाडी आणि त्याची वाडी शेजारी होती. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा तो पन्नाशीचा असेल. केळी आणि पानवेली हा त्याचा धंदा. पण गावात त्याची ओळख दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तो देवळाच्या बँडमध्ये फ्लूट वाजवायचा (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि दुसरं म्हणजे बघितल्याशिवाय काही घ्यायचा नाही. "आदी बगू, मग बोलू," हे त्याच्या तोंडात कायमचं.

बैल घ्यायला तो एका गावी तीनदा गेला. तिसऱ्यांदा गेला तोवर बैल दुसऱ्याने नेलेला. परत येऊन म्हणाला, "बरं झालं. त्याचा मागचा पाय जरा आतच होता." मारीकाकीला बघायलाही तो दोनदा गेला होता म्हणतात. दुसऱ्या वेळी तिने दारातच विचारलं, "बगून झालं, का दात पन मोजायचे?" तो म्हणाला, "झालं." तेवढी एकच निवड त्याने आयुष्यात पटकन केली. ती चांगली निघाली, हे मी शेजारीण म्हणून सांगते. मारीकाकीला विचारलं असतं तर तिने वेगळं सांगितलं असतं.

पण ह्या बघण्यापायी त्याचं बोट गेलं. लोहाराकडे नवा कोयता घ्यायला गेला होता. धार बघायची म्हणून केळीचा दांडा डाव्या हातात धरला आणि उजव्याने कोयता चालवला. दांडा तुटला, आणि करंगळीशेजारच्या बोटाचं शेवटचं पेरही तुटलं. लोहार ओरडायला लागला. काकाने बोट धोतरात दाबलं आणि म्हणाला, "चांगला हाय. ह्योच दे."

गाव हसलं नसतं तर नवल. वर्ष-दोन वर्षं विहिरीवर, देवळाबाहेर, लग्नात तीच गोष्ट. तोही वरवर हसायचा. पण तेव्हापासून त्याचा डावा हात कोणाला दिसेनासा झाला. खांद्यावरचा पंचा त्या हातावर आला. देवळात मिस्साच्या प्रार्थनेला बसला तर उजवा हात डाव्यावर. फ्लूट वाजवताना मात्र हात लपवता येत नाही, आणि तिथेच त्याची गोची झाली.

त्याची जुनी फ्लूट लाकडाची होती, सहा उघड्या भोकांची. तिसऱ्या भोकावर नेमकं तेच बोट यायचं. अर्धं बोट ताणून ठेवलं तरी बाजूने हवा निसटायची आणि मधेच लोहाराच्या भात्यासारखा फुस्स आवाज यायचा. आमच्याकडे नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. एका लग्नात ते पाणी आणताना फ्लूट अशी फुसफुसली की नवरीच हसली. बँडचा मास्तर लुद्रीक स्वभावाने गरीब, पण त्याला बोलावंच लागलं. आमच्या गावची पद्धत अशी की देवळाच्या वार्षिक सणाच्या मिरवणुकीत आधी एकटी फ्लूट वाजते, मग बाकीचा बँड सुरू होतो. वीस वर्षं ती सुरुवात बस्त्यावकाकाची होती. लुद्रीक म्हणाला, "काका, सणापर्यंत काय तरी कर. नाय तर सुरुवात क्लॅरिनेटला द्यावी लागंल."

त्या दिवशी काका जेवला नाही, असं मारीकाकीने मला कुंपणावरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओट्यावर आला. ओटा हाताने चाचपून बसला.

"फिलू, तू रोज मुंबईला जातेस. फ्लूटचं दुकान म्हाईत हाय?"

मी केळीची पानं आणि फुलं विकायला मुंबईला जायची. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण पाट्या वाचता यायच्या आणि रस्ते पाठ होते. धोबीतलावाकडे वाद्यांची दुकानं मी पाहिलेली होती. म्हटलं, चल.

मे महिन्यात हा माणूस लग्नातला काळा कोट घालून निघाला. डावा हात कोटाच्या खिशात. घामाने निथळत होता, पण हात बाहेर नाही.

दुकानात एक म्हातारा गोवेकर होता. त्याने पाच फ्लुटा काचेवर मांडल्या, सगळ्या धातूच्या. मला त्या सारख्याच दिसत होत्या, पण त्याने एकेकीचं वेगळेपण सांगितलं. ह्या सगळ्यांत भोकांवर झाकणं असतात, बोटाने दाबली की बसतात. काहींच्या झाकणांना मधे पुन्हा भोक ठेवलेलं, ते बोटाच्या टोकानेच बंद करायचं. एकीला खाली लांब तुकडा, म्हणजे खालचा एक सूर जास्त. तिचाच तोंडाचा भागही चांदीचा. आणि एकीचं तिसरं झाकण ओळ सोडून जरा बाहेर काढलेलं. ती एका बाजूने थोडी चेपलेलीही होती. कोणी जहाजावरचा वाजवणारा विकून गेला होता म्हणे.

काका म्हणाला, "तुमी वाजवा, मी ऐकतो."

गोवेकराने पाचही वाजवल्या. काकाने डोळे मिटून ऐकल्या. मग उजव्या हाताने एकेक उचलून वजन बघितलं, वास घेतला, डोळ्याला लावून आरपार बघितली. गोवेकराने घड्याळ पाहिलं. माझी अर्धी फुलं सुकून गेली.

शेवटी काकाने बोट दाखवलं ते चांदीच्या तोंडाच्या फ्लुटेकडे. झाकणांना भोकं, सगळी झाकणं सरळ ओळीत, खाली लांब तुकडा. गोवेकर खूश झाला. "मोठे वाजवणारे हीच घेतात," म्हणाला.

"मग हीच," काका म्हणाला. त्याची मान अशी ताठ झाली जशी मी कधी पाहिली नव्हती.

मी बघत होते. खुर्ची उलटी केल्याशिवाय न बसणाऱ्या ह्या माणसाने तासाभरात एकही फ्लूट ओठाला लावली नव्हती. डावा हात खिशातच होता. तो फ्लूट बघत नव्हता, गाव आपल्याकडे कसं बघेल ते बघत होता. अशीच घेऊन गेला असता तर सणाला ती जुनीपेक्षा जास्त फुसफुसली असती.

मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. मी गोवेकराला म्हटलं, "ह्याचं एक बोट अर्धं आहे. वाजवणार तो आहे, तुम्ही नाही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. काकाचा चेहरा वांग्यासारखा झाला. गोवेकर मात्र हसला नाही की हळहळला नाही. शिंपी माप घ्यायला हात मागतो तसा त्याने हात पुढे केला. "दाखव."

काकाने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खिशातून हात निघाला.

गोवेकराने ते बोट वाकवून बघितलं आणि चांदीची फ्लूट बाजूला ठेवली. चेपलेली उचलली. "ही झाकणं भरीव आहेत, बोटाचं टोक लागत नाही. आणि हे झाकण बाहेर कशाला काढलंय? ज्याचं बोट पोचत नाही त्याच्यासाठीच. वाजव."

काकाने फ्लूट ओठाला लावली. ते अर्धं बोट त्या बाहेर आलेल्या झाकणावर असं बसलं, जसं काय तिथलंच होतं. त्याने एकच सूर लांब धरला. हवा कुठूनही निसटली नाही.

फ्लूट घेतली, पण माझ्याशी तो बोलला नाही. नालासोपाऱ्याला उतरून एकटाच पुढे चालत गेला. घराच्या वळणावर थांबून एवढंच म्हणाला, "बोट माझं होतं, फिलू. दाखवायचं का नाय ते मी ठरवायचं."

त्याचं खरं होतं. माझंही खरं होतं. मी माफी मागितली नाही.

नव्या फ्लुटेवर बोटं वेगळी ठेवावी लागतात. जुनं सगळं मोडून त्याला पहिल्यापासून शिकावं लागलं. महिनाभर रहाटाजवळ बसून तो वाजवायचा. आधी बैल थांबायचा, मग वैतागून पुन्हा चालायला लागायचा. मारीकाकी म्हणायची, "बैलाला सवय झाली, मला कदी होईल?"

सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर सगळे बाहेर उभे राहिले. लुद्रीकने हात वर केला आणि एकटी फ्लूट सुरू झाली. मी मागे बायकांत होते. सुरात एकही फुस्स नव्हता. मला फार काही समजतं असं नाही, पण फुस्स मला कळला असता.

मिरवणूक संपल्यावर काका माझ्याकडे आला. सगळ्या गावासमोर डावा हात माझ्या नाकाशी धरला. "बग. आता पोट भरून बग."

"बघितलंय मी," मी म्हटलं. "कोयता चांगला निघाला." तो इतका हसला की मारीकाकी धावत आली.

त्यानंतर पंचा पुन्हा खांद्यावर गेला. कोणी नवा पाहुणा आला तर काका स्वतःच बोट दाखवून गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी कोयता थोडा मोठा व्हायचा. मोट घ्यायची असो की कौलं, मला हाक मारायचा. "फिलू, चल. मी बगीन, तू बोल."

सात-आठ वर्षांनी तो गेला. ती फ्लूट बँडच्या पेटीत ठेवली. पुढे ती वाजवायला जो आला त्याची दहाही बोटं धड होती, त्याला ते बाहेरचं झाकण अडचणीचं वाटायचं.

अंत्यविधीच्या आधी त्याच्या भावाने त्याला तोच काळा कोट घातला. हात छातीवर जोडून त्यांत रोजरीची माळ दिली. उजवा हात वर, डावा खाली दडवलेला. बरं दिसावं म्हणून.

मी पुढे गेले आणि डावा हात वर काढून ठेवला. भाऊ म्हणाला, "गे, लोकं बगतात."

मारीकाकी डोळे न पुसताच म्हणाली, "बगू दे."